मास्टर सिलिंडर बदलण्याआधी निपल बघा

ट्रकच्या पुढच्या ब्रेकचे दोन्ही कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) आणि पॅड नवे टाकले, ब्रेक लाइनमधली एअरही काढली, तरी ब्रेक पेडल मऊच लागतंय म्हणून मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) बदलायचा विचार आहे, असं तुम्ही म्हणता. थोडं थांबा. आधी ब्लीडिंग निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) कॅलिपरच्या वरच्या बाजूला आलंय का ते बघा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल होऊनही बऱ्याचदा बरोबर बसतो, पण मग निपल खाली जातं. हवा वरच्या कोपऱ्यात अडकते आणि कितीही ऑइल काढलं तरी बाहेर येत नाही. कॅलिपर नवे टाकल्यावरच पेडल बिघडलं असेल, तर माझा पहिला संशय इथेच.

निपल वरच असेल तर इंजिन बंद ठेवून पेडल भराभर चार-पाच वेळा मारा. मारता मारता वर येऊन कडक झालं, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मागच्या ब्रेक ड्रमचे लायनर (ड्रमला आतून घासणारे) ढिले, म्हणजे ड्रमपासून लांब आहेत. मागचं ॲडजस्टमेंट लोक हमखास विसरतात! उलट, पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठेच गळती नसली, तर मात्र मास्टर सिलिंडरचे सील गेलेत.

मागच्या ॲक्सलवर लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा) असेल तर चाकं लटकती ठेवून एअर काढू नका. चाकं लटकती असली की हा व्हॉल्व्ह मागचा ऑइलचा प्रवाह अडवतो. एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये हवा शिरली असेल तर ती काढायला बहुतेक वेळा स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावावा लागतो.

आणि कृपा करून, पेडल कडक होईपर्यंत ट्रक रस्त्यावर काढू नका, रिकामासुद्धा.