मदत हवी आहे: हँडहेल्ड क्रेडलवर चार्ज होतंय, पण कॉम्प्युटरला दिसत नाही (अर्जंट)

बॉक्सवाला_तासगाव
मंडळी, लवकर सांगा. कोल्ड स्टोरेजला बेदाण्याचे बॉक्स स्कॅन करायचं हँडहेल्ड आहे. क्रेडलमध्ये, म्हणजे त्याच्या चार्जिंग आणि डेटाच्या स्टँडमध्ये, ठेवलं की लाइट लागतो, चार्जिंग होतं, पण कॉम्प्युटर ओळखतच नाही. ड्रायव्हर टाकला, केबल बदलली. उद्या सौद्याला माल काढायचाय आणि आजची सगळी आवक त्या डबड्यात अडकलीय. वहीत लिहा म्हणून सांगू नका, ती वही आम्हीच बंद केलीय.

लालदिवा
मॉडेल कुठलं? आत विंडोज की अँड्रॉइड? कॉम्प्युटरवर कुठलं विंडोज? क्रेडलच्या मागं कोणकोणते पोर्ट आहेत? आधी कधी चाललं होतं का?

बॉक्सवाला_तासगाव
पिस्तुलासारखी मूठ असलेलं आहे. आधी रोज चालायचं. कॉम्प्युटरचा प्रश्नच नाही, तो नवा आहे.

लालदिवा
अहो, तो नवा आहे हेच पहिल्या ओळीत सांगायचं होतं. जुन्यावर काय होतं?

नवंतेघ्या
विकून टाका ते. आम्ही कुपवाडच्या गोडाऊनला सगळं मोबाइलवर आणलं. क्रेडल नाही, केबल नाही, वायफायवर थेट एंट्री.

बॉक्सवाला_तासगाव
नवंतेघ्या, चार-पाच डिग्रीत हातमोजे घालून मोबाइलची स्क्रीन चालवून दाखवा, मग विकतो. आत वायफाय पण येत नाही, पॅनेलच्या भिंती आहेत. जुन्यावर विंडोज ७ होतं. नव्यावर १०.

वायरमन_मिरज
ॲडॅप्टर कुठला लावलाय? ओरिजिनल नसेल तर लाइट लागतो पण करंट पुरत नाही. मार्केटमध्ये तसल्याच पिनचा दुसरा मिळतो, तो लावून बघा.

थंडगार
कृपा करून असं काही सांगू नका. पिन सारखी असली म्हणजे व्होल्टेज सारखं नसतं, आणि प्लस आत का बाहेर हेही बघावं लागतं. क्रेडलवरचं लेबल आणि ॲडॅप्टरवरचं लेबल जुळलं तरच लावा. आमच्याकडं एकानं असंच जुळवाजुळव करून अख्खं क्रेडल जाळलं.

वायरमन_मिरज
लेबल बघूनच लावायचं असतं, ते काय सांगायला पाहिजे का? वायरिंगमध्येच आयुष्य गेलंय आमचं.

थंडगार
विचारणाऱ्याला सांगायलाच पाहिजे. तसाही त्यांचा प्रश्न चार्जिंगचा नाहीच.

खोडरबर
खालचे पितळी ठिपके बघा, त्यांच्यावर बेदाण्याचा चिकटा बसतो. पेन्सिलचा खोडरबर घासा, लख्ख होतात.

थंडगार
खोडरबरनं वरचा मुलामा जातो, मग पुढं गंज धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड, बास. तेही ॲडॅप्टर काढून, आणि पूर्ण सुकल्यावरच परत लावायचं. आणखी एक, हँडहेल्ड आतून आणलं की लगेच क्रेडलवर ठेवू नका. गार वस्तू बाहेर आली की तिच्यावर पाणी धरतं, आणि ते नेमकं त्या ठिपक्यांवर उतरतं. थोडा वेळ टेबलावर राहू द्या.

खोडरबर
माझं वर्षानुवर्षं रबरावरच चालतंय.

हळदकाकू
गारठ्यात बॅटरी चार्जच होत नाही असं माझा मुलगा म्हणतो.

थंडगार
काकू, लिथियम बॅटरी शून्याच्या खाली चार्ज करायची नसते, आत धातू साचून ती कायमची खराब होते. बेदाण्याचं स्टोरेज शून्याच्या वर असतं. तरी चार्जिंग ऑफिसातच करावं.

लालदिवा
विंडोज ७ वरून १० वर आलात, तिथंच घोटाळा आहे. तुमचं हँडहेल्ड बहुतेक विंडोज सीईवर, म्हणजे असल्या छोट्या यंत्रांसाठीच्या जुन्या विंडोजवर, चालतंय. चालू करताना तसं दिसतं का बघा. तसं असेल तर त्याला साधा पेनड्राइव्हसारखा ड्रायव्हर पुरत नाही, कॉम्प्युटरवर विंडोज मोबाइल डिव्हाइस सेंटर हा जोडणीचा प्रोग्रॅम लागतो. एक्सपीला ॲक्टिव्हसिंक होतं, व्हिस्टापासून पुढं हे. ६४ बिटचं विंडोज असेल तर ६४ बिटचाच इन्स्टॉलर घ्या.

बॉक्सवाला_तासगाव
हो, विंडोज सीई येतं वर. ते सेंटर पण टाकलंय. उघडतं आणि आपोआप बंद होतं. हे कुणाला सांगायचं राहिलं का माहीत नाही.

लालदिवा
राहिलं! २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटपासून विंडोज १० वर हे होतं. अपडेटनं सर्व्हिसेस, म्हणजे विंडोजमध्ये मागं चालणारे छोटे प्रोग्रॅम, वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायला सुरुवात केली आणि या जुन्या प्रोग्रॅमला ते मानवत नाही. ॲडमिन लॉगिननं सर्व्हिसेस उघडा. त्यात ‘विंडोज मोबाइल-२००३-बेस्ड डिव्हाइस कनेक्टिव्हिटी’ आणि ‘विंडोज मोबाइल-बेस्ड डिव्हाइस कनेक्टिव्हिटी’ अशा दोन आहेत. दोन्हींच्या प्रॉपर्टीजमध्ये लॉग ऑनचा टॅब आहे, तिथं ‘लोकल सिस्टिम अकाउंट’ निवडा. दोन्ही करायच्या, एकीनं भागत नाही. मग कॉम्प्युटर रीस्टार्ट.
तरीही नाही झालं तर हँडहेल्डच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पीसी कनेक्शन’ बघा. तिथं कॉम पोर्ट (जुनी सिरीयल जोडणी) निवडलेला असेल तर यूएसबी करा. आणि काहीही झालं तरी हँडहेल्ड पूर्ण रीसेट मारू नका. डेटा साठवायची जागा कुठली ते माहीत नसताना आजची आवक उडायची.

नवंतेघ्या
बघा, एवढा खटाटोप कशासाठी? मायक्रोसॉफ्टनं कधीच सपोर्ट बंद केलाय त्याचा.

वायरमन_मिरज
आमच्या गिरणीतलं मशीन पण सपोर्ट नसलेलंच आहे, रोज पीठ देतंय.

हळदकाकू
विषय निघालाय म्हणून, हिरवा बेदाणा घरी खायला कुठला चांगला? लांबट का गोल? गणपती पेठेत दर वेगवेगळे सांगतात.

खोडरबर
लांबट घ्या काकू. देठ राहिलाय का बघून घ्या.

बॉक्सवाला_तासगाव
झालं! दोन्ही सर्व्हिसेस बदलल्या, रीस्टार्ट केलं, क्रेडलवर ठेवल्याबरोबर टुंग वाजलं. फाइल काढली. लालदिवा, तासगावला आलात की स्टोरेजला या, एक बॉक्स तुमचा.
आता दुसरं. आमच्याकडं चार खणांचं एक क्रेडल आहे, जुन्या मालातून घेतलेलं. तेही कॉम्प्युटरला लागत नाही. त्यालाही हेच करू का?

लालदिवा
त्याच्या मागं चौकोनी यूएसबी किंवा लॅनचं भोक आहे का?

बॉक्सवाला_तासगाव
नाही. फक्त पॉवरचं.

लालदिवा
मग ते नुसतं चार्जिंगचं आहे. लॅनवालं आणि हे समोरून सारखंच दिसतं. त्यातनं डेटा यायचा नाही, कितीही सर्व्हिसेस बदला. रात्री बाकीची त्यात लावून ठेवा आणि सकाळी एकेक करून पहिल्या क्रेडलवर फाइल काढा.

बॉक्सवाला_तासगाव
विकणारा तर म्हणाला होता, दोन्ही होतं.

थंडगार
बिल आहे का त्याचं?

बॉक्सवाला_तासगाव
कसलं बिल.

किराणावाला_विटा
धाग्यात घुसतोय, माफी. माझा बिलाचा प्रिंटर पण विंडोज १० ओळखत नाही. त्यालाही लॉग ऑनमध्ये तेच करायचं का?

लालदिवा
नाही! वेगळा धागा काढा. आणि मॉडेल लिहा.