स्टेशनजवळची जुनी दगडी बिल्डिंग पाडणारेत, काही करता येईल का?

लोकलपासवाला:
पुणे-लोणावळा लोकलच्या एका छोट्या स्टेशनला (नाव मुद्दाम लिहीत नाहीये) लागून काळ्या दगडाची कौलारू बिल्डिंग आहे, आधी पार्सल ऑफिस होतं म्हणतात, नंतर गँगमनचं सामान असायचं, आता नुसतं कुलूप. परवा भिंतीवर पांढऱ्या रंगात 'अबॅन्डन्ड' लिहून गेलेत आणि गेटमन म्हणतो नवीन लाईनीत जाणार ही. १८५८ ची आहे म्हणे. महापालिकेच्या हेरिटेज कमिटीला अर्ज दिला तर थांबेल का, की ऑनलाइन पिटिशन काढू?

निवृत्त रेल्वेवाला:
पिटिशनच्या नादी लागू नका. आणि रेल्वेच्या हद्दीत महापालिकेचं फार चालत नाही, रेल्वे कायदा १९८९, कलम ११ वाचा. अबॅन्डन्ड लिहिलं म्हणजे उद्या जेसीबी येतो असं नसतं हो, आधी कंडेम केल्याचा, म्हणजे वापरायच्या लायक नाही असं ठरवल्याचा कागद होतो, मग पाडायचं टेंडर नाहीतर मोडीचा लिलाव. आयआरईपीएस या रेल्वेच्या टेंडर-लिलावाच्या साइटवर टेंडर दिसतात, तिथे लक्ष ठेवा. आणि आरटीआय टाका, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. दोनच गोष्टी मागा: कंडेमचा कागद आणि यार्डाचा नवा प्लॅन. प्लॅनमध्ये बिल्डिंग रुळाच्या आड येत नसेल तर बोलायला जागा आहे. येत असेल तर विसरा, तुमच्या कौलांसाठी ट्रॅक वळणार नाही.

कट्टेकरी:
वाचवून करणार काय पण? परत कुलूप, आत पत्ते आणि बाटल्या. त्यापेक्षा तिथे धड संडास बांधला तर पब्लिक दुवा देईल.

घाटमाथा:
@कट्टेकरी संडास पाहिजेच, पण तो बांधायला हीच जागा कशाला? भायखळा स्टेशन बघा, गाड्या चालू ठेवून खासगी ट्रस्टच्या पैशातून जुनी बिल्डिंग नीट केली, २०२२ ला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. म्हणजे रेल्वे ऐकते, फक्त कुणीतरी पैसे आणि वापर दोन्ही घेऊन जावं लागतं.
आणि @लोकलपासवाला दादा, अर्जात १८५८ लिहू नका. खंडाळा-पुणे लाईन त्या साली सुरू झाली म्हणून ही बिल्डिंग पण तेव्हाचीच असं होत नाही, साहेब पहिल्याच प्रश्नात उडवून लावेल. कौलं मंगळुरी असतील तर छप्पर तरी नंतरचंच, कारण मंगळूरचा पहिला कारखानाच १८६५ चा. फुटकं कौल मिळालं तर पालथं करून बघा, कारखान्याचा शिक्का असतो. सगळ्या बाजूंनी फोटो आणि टेपने मापं आत्ताच घेऊन ठेवा, पाडलीच तर तेवढंच हातात राहील. रुळाच्या बाजूला मात्र परवानगीशिवाय जाऊ नका.

लोकलपासवाला:
थँक्स काका, दादा. आरटीआय मराठीत चालतो ना पण? इंग्रजीत लिहायचं म्हणजे माझी बोंब.

निवृत्त रेल्वेवाला:
चालतो, कायद्यातच आहे. फी पोस्टल ऑर्डरने भरा आणि पोच जपून ठेवा.