मदत हवी आहे: बाबांच्या लॅपटॉपवर विंडोज परत टाकायचंय, नाटकाच्या संहिता जाता कामा नयेत

म्हादईकाठ:

मी डिचोलीची. बाबांचा जुना लॅपटॉप परवापासून सुरूच होत नाहीये. कंपनीचं चिन्ह येतं, ठिपके फिरतात, मग 'ऑटोमॅटिक रिपेअर', आणि पुन्हा पहिल्यापासून. विंडोज १०, इंटेलचा सातव्या पिढीचा आय-३, जुनी फिरणारी हार्डडिस्क. अपडेट चालू असताना वीज गेली, आणि बॅटरी केव्हाचीच मेलेली आहे. पावसाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळा जाते ते इथल्या गोंयकारांना सांगायला नको.

म्हापशाच्या एका दुरुस्तीवाल्याने फोनवरच निकाल दिला, "फॉरमॅट मारावा लागेल, डेटाची जबाबदारी आमची नाही." बाबा गावच्या उत्सवी नाटकांचं दिग्दर्शन करतात. संहिता, काटछाट केलेल्या प्रती, पदं, सगळं त्याच्यात, आणि बहुतेक डेस्कटॉपवरच. तालमींचं शूटिंग डी ड्राइव्हवर आहे. मला 'कीप माय फाइल्स' असा पर्याय दिसतोय. तो दाबला तर खरंच सगळं राहतं का? की आधी आणखी काही करायला हवं? आणि परत टाकायचंच आहे तर सरळ विंडोज ११ टाकू का?

रातांबा:

ताई, अजून काहीही दाबू नका. त्या पर्यायात तुमच्या खात्यातली डॉक्युमेंट्स, फोटो, डेस्कटॉप राहतं, बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम जातात. पण डिस्कच खराब होत चालली असेल तर ते रीसेट अर्ध्यात अडकतं आणि मग खरी पळापळ. वीज गेल्यामुळे विंडोज बिघडलं की डिस्क, हे अजून आपल्याला माहीत नाही. आधी कॉपी, मग बाकीचं.

कॉपी करायला विंडोज सुरू व्हायची गरज नाही. त्या रिपेअरच्या पडद्यावरून ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग कमांड प्रॉम्प्ट. तिथे नोटपॅड असं इंग्रजीत टाइप करून एंटर. नोटपॅड उघडलं की फाइल, ओपन, आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडा. ती ओपनची खिडकी म्हणजे एक छोटा एक्सप्लोररच. फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी, बाहेरच्या डिस्कवर जाऊन पेस्ट. दोन गोष्टी लक्षात ठेवा: तिथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, तुमचा सी तिथे डी म्हणून दिसेल, आणि प्रगतीची पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. हात लावू नका, चालू द्या. बॅटरी नाही म्हणता, तर इन्व्हर्टरच्या प्लगवरच लावा.

खाजन:

बाहेरची डिस्क कुठल्या फॉरमॅटची आहे तेही बघा. फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जातच नाही, आणि तालमीचं शूटिंग नक्की त्याहून मोठं असणार. एनटीएफएस किंवा एक्सफॅट हवी. ड्राइव्ह उघडताना ४८ आकडी रिकव्हरी की मागितली तर समजा बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे. बाबांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती की बहुतेक सापडेल. ती मिळेपर्यंत फॉरमॅटचं नाव नको.

विंडोज ११ त्या मशीनवर अधिकृतपणे बसत नाही. इंटेल असेल तर निदान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट्ससाठी नाव नोंदवलं तर घरगुती वापराला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. माझं मत विचाराल तर सध्या १० च टाका. आडवाटेने ११ घालून बाबांना रोज नवा त्रास कशाला?

फोंडेकर:

सगळे फाइलींबद्दल बोलतायत, पण बाबा टाइप कशात करतात? श्रीलिपी किंवा शिवाजीसारखा जुना फॉन्ट असेल तर नुसती वर्डची फाइल वाचवून काय उपयोग! तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर नाटकाचा पहिला अंक इंग्रजी अक्षरं आणि भलत्याच चिन्हांच्या खिचडीत दिसेल. प्रोग्रॅमबरोबर असे फॉन्टही जातात. विंडोज फोल्डरच्या आतलं फॉन्ट्स नावाचं फोल्डर अख्खं उचला. विंडोज १० मध्ये काही फॉन्ट वापरकर्त्याच्या ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरमध्येही बसतात, तेही.

म्हादईकाठ:

फोंडेकर, देव बरें करूं! नोटपॅडच्या युक्तीने डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डी ड्राइव्हवरचं सगळं आलं. बिटलॉकर नव्हतं. बहिणीच्या लॅपटॉपवर संहिता उघडली तर अगदी तसलाच चिन्हांचा खच. बाबा ते बघून पाच मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, "हो, ते शिवाजी." परत जाऊन दोन्हीकडचे फॉन्ट आणले, बहिणीकडे टाकले आणि पहिला प्रवेश नीट वाचता आला. आता पेनड्राइव्ह करून नवीन टाकू ना? त्यात फॉरमॅट करायलाच हवं का?

रातांबा:

छान. पेनड्राइव्ह निदान ८ जीबीचा घ्या, आणि रिकामा, कारण त्यावरचं सगळं पुसलं जातं. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरचं मीडिया क्रिएशन टूल बहिणीच्या मशीनवर चालवा. लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करून 'कस्टम' निवडा. विंडोजची प्रॉडक्ट की मागितली तर 'माझ्याकडे नाही' म्हणा. आधी होती तीच आवृत्ती, होम असेल तर होम, टाकली की इंटरनेट लागल्यावर आपणहून सक्रिय होते.

विभागांच्या यादीत डी ला बोटही लावू नका. सी फॉरमॅट न करता निवडला तर जुनं सगळं विंडोज.ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये जातं, त्याच्या आत फॉन्टही असतात. काही राहिलं असेल तर तिथून काढता येईल, मात्र साधारण १० दिवसांत विंडोज ते आपणहून साफ करतं. सीवर जागा कमी असेल तर हा मार्ग अडतो. मग तुमच्या कॉपीवर भरवसा ठेवून फॉरमॅट करा. झालं की डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये तपासा. 'कॉशन', म्हणजे धोक्याचा इशारा, दिसला तर नवी एसएसडी (न फिरणारी, चिपवाली डिस्क) घ्यायची वेळ आली.

म्हादईकाठ:

टाकून झालं, विंडोज.ओल्डसकट. क्रिस्टलडिस्कइन्फोत मात्र पिवळं 'कॉशन' आलंय, एसएसडी मागवते. बाबांना पुढची संहिता युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसेल अशा मराठीत, टाइप करायला लावायचीय, कुठला कीबोर्ड देऊ?

खाजन:

विंडोज १० मध्ये मराठी भाषा जोडली की इन्स्क्रिप्ट या सरकारी मांडणीबरोबर 'मराठी फोनेटिक' (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून टाइप करायचा) कीबोर्डही मिळतो, वेगळं काही उतरवावं लागत नाही. ज्यांची बोटं जुन्या मांडणीवर बसली आहेत त्यांना दोन्हीचा सुरुवातीला वैताग येतो. चालू नाटक शिवाजीतच संपवू द्या, कीबोर्ड त्याच्यानंतर बदला.