'फॅसिया'ला मराठीत काय म्हणावं?

रेवती: फॅसिऑटमीच्या संमतीपत्राचं मराठी करते आहे. जुन्या मसुद्यात 'पायाचे स्नायू कापणे' असं आहे. ते चूक आहे; या शस्त्रक्रियेत चिरतात ते स्नायूंवरचं आवरण, म्हणजे फॅसिया. कोशात 'प्रावरणी' मिळतो, पण अपघात विभागात सही करणाऱ्या नातेवाइकांना तो कळणार नाही.

खलबत्ता: पापुद्रा. मटण साफ करताना गोळ्यावरून सोलून काढतो तो पांढरा, चिवट थर म्हणजे फॅसियाच.

अस्थिरंग: पापुद्रा नको, तो नाजूक वाटतो. पोटरीचं आवरण जवळजवळ ताणलंच जात नाही, सगळी पंचाईत तिथेच आहे. नडगी मोडली की आत सूज येते, या आवरणाने बांधलेल्या पोटरीच्या स्नायूंच्या चार कप्प्यांना फुगायला जागा नसते. आतला दाब वाढत जाऊन खालच्या (डायस्टॉलिक) रक्तदाबापेक्षा जेमतेम ३० मिमी पाऱ्याने कमी उरला, की स्नायूला रक्त पुरत नाही. पायाचं बोट नुसतं ओढलं तरी रुग्ण कळवळतो. पावलाची नाडी लागतेय म्हणून थांबू नये, ती शेवटपर्यंत लागू शकते. सहाएक तासांत दाब उतरला नाही तर स्नायू मरायला लागतो. बहुधा दोन लांब छेद घेऊन चारही कप्पे मोकळे करतात. जखम लगेच शिवत नाहीत, पुढे त्वचारोपणही लागू शकतं. शब्द कुठलाही घ्या, पण हे संमतीपत्रात स्पष्ट लिहा.

रेवती: मग 'स्नायूंवरचं घट्ट आवरण'?

चरकपाठी: त्यात 'स्नायू'च चुकीचा आहे. सुश्रुतसंहितेत स्नायू ९०० आणि पेशी ५००, वेगवेगळ्या मोजल्या आहेत. मांसाची ती पेशी. सांधे बांधून ठेवतो तो स्नायू. फॅसिया स्नायूच्याच जवळचा. 'मांसपेशी' लिहा.

अस्थिरंग: आज दहावीचा मुलगा पेशी म्हणजे सेल समजतो. रुग्णाच्या कागदावर रूढ अर्थच चालायला हवा.

चरकपाठी: रूढीच्या नावाखाली किती सोडायचं? हिंदीत स्नायू म्हणजे नर्व्ह. एका शब्दाचे तीन अर्थ झाले.

टाचदुखी: तळपायाच्या फॅसियाला काय म्हणाल? सकाळच्या पहिल्या पावलाला टाचेत कळ येते तो. लोक 'शीर आखडली' म्हणतात आणि तेल चोळत बसतात. अंथरुणातून उतरण्याआधी पाय मांडीवर घेऊन बोटं नडगीकडे ओढावी, दहा अंक मोजेपर्यंत धरावी, असं दहा वेळा. तळव्यात दोरीसारखा ताठ लागतो, तोच फॅसिया.

खलबत्ता: शीर तर रक्ताची ना?

चरकपाठी: शिरा आणि धमनी यांवर वेगळा धागा काढावा लागेल.