नोकरी सोडून सहा महिने चियांग माईत राहून काम करावं का?

सांगलीची_मी:
वय 34. पुण्यात नऊ वर्षं कॅड ड्राफ्टिंग केलं. गेलं वर्षभर जर्मनीतल्या दोन ग्राहकांची कामं रात्री घरी बसून करतेय, त्यातून पगाराच्या पाऊणपट मिळतात. आईला वाटतं मी हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलेय. थायलंडच्या नव्या व्हिसाबद्दल कोणाला अनुभव आहे का?

घाटवाट:
डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा, तिथे राहून परदेशी ग्राहकांचं काम करणाऱ्यांसाठीचा) म्हणताय ना? 2024 च्या जुलैत सुरू झाला. मुदत पाच वर्षं, एका खेपेला 180 दिवस राहता येतं. मात्र खात्यात 5 लाख बाट दाखवावे लागतात. माझं तिथेच अडलं होतं, दीड वर्ष साठवले. घाई करू नका, पण बेत सोडूही नका!

हिशेबवही:
दिवस मोजा. एका कॅलेंडर वर्षात 180 दिवस झाले की तिकडे तुम्ही कर-निवासी ठरता, म्हणजे तिथले करनियम तुम्हाला रहिवाशासारखे लागू होतात. परदेशी ग्राहकांच्या कामावर जीएसटी न भरता बिल करायचं तर दर आर्थिक वर्षी एलयूटी (जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र) भरा. मी पहिल्या वर्षी विसरलो, फार मनस्ताप झाला.

सांगलीची_मी:
मनापासून आभार. दिवसांचं डोक्यातच नव्हतं. मार्चपर्यंत नोकरी ठेवते, तोवर तिसरा ग्राहक शोधते. एकाने काम थांबवलं तरी भाडं निघालं पाहिजे. आणि आईला पहिला महिना सोबत नेणार आहे. तिने अजून विमान आतून पाहिलेलं नाही.

घाटवाट:
आईंना फेब्रुवारी-मार्चमध्ये नेऊ नका, शेतं जाळल्याचा धूर असतो. नोव्हेंबर उत्तम.