दहा कोटींचा तो कार्यक्रम कुणाला आठवतोय का?

*बी-३०२ ताई:* वर्धापनदिनाच्या प्रश्नमंजुषेला दोन अँकर ठेवू या का? एक प्रश्न विचारेल, दुसरा गंमतजंमत करेल.

*ए-१०४ काका:* दोन नकोत. झी टीव्हीने हा प्रयोग करून झालाय. ‘सवाल दस करोड का’. अनुपम खेर आणि मनीषा कोईराला, दोघं मिळून.

*सी-४०१:* दहा कोटी?? मी तर नावही ऐकलं नाहीये 😳

*ए-१०४ काका:* तू लहान होतास रे. पण ज्यांनी पाहिला त्यांच्या तरी कुठे लक्षात आहे! ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर केबीसी सुरू झालं, बक्षीस एक कोटी. रात्री नऊला रस्ते ओस. झीने लगेच गणित मांडलं, त्यांचे एक तर आमचे दहा. दिवाळीच्या सुमारास कार्यक्रम आला आणि पुढच्या वर्षी गुंडाळलासुद्धा.

*डी-२०२ काकू:* आणि त्याच ऑक्टोबरमध्ये इकडे आपला हर्षवर्धन नवाथे कोटी जिंकला! यूपीएससीचा अभ्यास करणारा साधा मुलगा. त्या दिवशी आमच्या चाळीत सगळ्यांना वाटत होतं, जणू आपलाच भाचा तिथे बसलाय. दहा कोटींचं कोण बघणार मग?

*बी-३०२ ताई:* पण काका, यात दोन अँकरचा काय दोष? बच्चन विरुद्ध कोणीही हरलंच असतं.

*ए-१०४ काका:* अर्धं मान्य. पण खुर्चीत बसलेल्या माणसाने घाबरून बघायचं कुणाकडे? एक चेहरा लागतो. बच्चन प्रश्न विचारून गप्प बसायचे बघ. ती शांतता आपण घरात बसून भरायचो, ‘अरे बी, बी!’ म्हणून ओरडत. दोन अँकर असले की ती शांतता ते आपसातच बोलून संपवतात.

*ए-६०३ आजोबा:* शांतता नव्हती ती, संगीत असायचं. नीट ऐका कधीतरी. मोठ्या रकमांचे प्रश्न सुरू झाले की दर प्रश्नाला पार्श्वसंगीताची पट्टी अर्ध्या सुराने चढते. काळी एक, मग पांढरी दोन, असं. मूळ इंग्लंडच्या कार्यक्रमापासून तसंच आहे. आपल्याला कळत नाही, पण छाती धडधडते ती त्यामुळे.

*सी-४०१:* आजोबा 🔥🔥 आत्ता यूट्यूबवर लावून बघतो

*डी-२०२ काकू:* शाहरुखचा पण एक आला होता ना, शाळकरी मुलांबरोबरचा?

*सी-४०१:* ‘क्या आप पाँचवी पास से तेज हैं?’ तो मी बघायचो! २००८.

*ए-१०४ काका:* तोही जेमतेम तीन महिने. बक्षीस पाच कोटी, शाहरुख ऐन भरात. आदल्याच आठवड्यात आयपीएल पहिल्यांदा सुरू झालं होतं, तो फटका बसला असेलच. पण माझं म्हणणं वेगळं आहे. मूळ अमेरिकन कार्यक्रमात हरलेल्या माणसाला कॅमेऱ्याकडे बघून कबूल करावं लागायचं, मी पाचवीतल्या मुलापेक्षा हुशार नाही. आपल्याकडे चार लोकांत असं म्हणायला कोणाला आवडेल? केबीसीत हरलेला माणूससुद्धा चेक घेऊन, नमस्कार करून, मानाने जायचा.

*बी-५०१:* मग सलमानचा ‘दस का दम’ का चालला? तो तर अख्खा वेळ टिवल्याबावल्या करायचा. तुमच्या शांततेच्या थिअरीला सुरुंग 😄

*ए-१०४ काका:* कारण तिथे बरोबर उत्तर कुणालाच माहीत नसायचं! किती टक्के भारतीय अमुक करतात, असले प्रश्न. अंदाज पंचे दाहोदरसे. त्याला टिवल्याबावल्याच शोभतात. प्रश्न कसा आहे ते बघून माणूस निवडावा.

*बी-५०१:* म्हणजे नीना गुप्ता ‘कमजोर कडी कौन’मध्ये लोकांना फाडून खायच्या, ते पण प्रश्नाला शोभायचं?

*डी-२०२ काकू:* नको गं बाई तो. स्पर्धकांनीच एकमेकांना मतं देऊन बाहेर काढायचं. आपल्याकडे तसं ठेवलं तर पार्किंगची सगळी भांडणं त्या मतदानात निघतील.

*ए-६०३ आजोबा:* 🙏🙏 शंभर टक्के.

*सेक्रेटरी:* कृपया ग्रुप सूचनांसाठी वापरावा. उद्या सकाळी ९ ते ११ टाकी सफाईमुळे पाणी बंद.
(तरी सांगतो, ‘पाँचवी पास’च्या शेवटच्या भागात लालूप्रसाद आले होते. तो भाग भारी होता.)

*बी-३०२ ताई:* 😂 बरं, ठरवू या. अँकर एकच. प्रश्न वाचायचा आणि निदान दहा आकडे होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. बक्षीस स्टीलचा डबा. आजोबा, पेटीवर पट्टी चढवायचं काम तुमच्याकडे.

*ए-६०३ आजोबा:* चालेल. पण पंधरा प्रश्न ठेवू नका, माझी पेटी तेवढी चढत नाही. दहा बस.

*सी-४०१:* अँकर कोण?

*ए-१०४ काका:* मी तयार आहे.

*डी-२०२ काकू:* भाऊजी, दहा आकडे गप्प बसायचंय. तुम्हाला जमणारे का?