दोन मिनिटांत मावेल तेवढीच संस्कृती शिकवायची का?

अर्धविराम (धागाकर्ती)

अमेरिकेतल्या एका हायस्कूलमध्ये मी स्पॅनिश शिकवते. वर्ग एपीचा, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंटचा. शाळेत असतानाच कॉलेजच्या तोडीचा अभ्यास, मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा, १ ते ५ मध्ये गुण, आणि गुण चांगले असले तर बऱ्याच कॉलेजांत क्रेडिट. स्पॅनिशमध्ये असे दोन अभ्यासक्रम आहेत. एक 'भाषा आणि संस्कृती', दुसरा 'साहित्य आणि संस्कृती'. पहिल्याला झुंबड, दुसऱ्याला जेमतेम वर्ग भरतो. माझं म्हणणं असं की हे उलटं व्हायला हवं.

कारण सांगते. माझ्या विद्यार्थ्यांनी आजवर दिलेल्या भाषेच्या परीक्षेत शेवटचा प्रश्न 'सांस्कृतिक तुलना' हा असायचा. विषय समोर येतो, तयारीला चार मिनिटं, मग दोन मिनिटं बोलायचं: आपला समाज आणि स्पॅनिश बोलणारा एखादा समाज. मुलं हुशार असतात, साचा लगेच ओळखतात. 'मेक्सिकोत कुटुंबाला फार महत्त्व आहे, माझ्या गावातही आहे, पण तिथे आजी-आजोबा सोबत राहतात.' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते सुरू झालं की पोटात कालवतं. जगात असा कोणता समाज आहे ज्याच्याबद्दल हे म्हणता येणार नाही?

स्पॅनिश ही वीस देशांची राजभाषा आहे. त्यातल्या पराग्वेत ग्वारानी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेला १९९२ च्या घटनेने स्पॅनिशच्या बरोबरीचं स्थान दिलं. विषुववृत्तीय गिनी तर आफ्रिकेत आहे आणि १९६८ पर्यंत स्पेनच्या ताब्यात होता. कोलंबियातल्या बोगोतात आई पोटच्या पोराला 'उस्तेद', म्हणजे आदरार्थी 'तुम्ही', म्हणताना ऐकू येते, अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसमध्ये अनोळखी माणूसही सहज 'वोस', म्हणजे 'तू', म्हणतो. हे सगळं 'हिस्पॅनिक संस्कृती' या एका गाठोड्यात बांधून आम्ही मुलांच्या हातात देतो आणि दोन मिनिटांत सोडून दाखवा म्हणतो.

साहित्याच्या अभ्यासक्रमात ३८ कलाकृती आहेत. सतराव्या शतकातली मेक्सिकोची नन सोर हुआना तिच्या कवितेत पुरुषांना थेट विचारते: ज्या गोष्टीला तुम्हीच कारण आहात तिच्यासाठी बाईला दोष कसा देता? ही कविता वाचून माझ्या वर्गातली एक अबोल मुलगी दहा मिनिटं बोलली. स्पॅनिशमध्ये, अडखळत, चुका करत. साचा नव्हता. तिला काहीतरी म्हणायचं होतं, म्हणून भाषा आली.

तेव्हा ती दोन मिनिटांची तुलना काढून टाकावी आणि संस्कृती मजकुरातून शिकवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. विरोधी मतं हवी आहेत.

गणितवेडा

ताई, पूर्ण असहमत.

माझ्या मुलाने भाषेचा एपी केला, साहित्याचा मी करू दिला नाही. त्याच वर्षी त्याला कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्र होतं. ३८ कलाकृती, त्यातल्या काही चौदाव्या-सोळाव्या शतकातल्या! ज्याला अजून चालू बातमी नीट कळत नाही त्याच्यापुढे १५५४ चं 'लासारिय्यो', ती जुनी कादंबरी, ठेवायचं? शाळेतल्या मुलाला आधी माणसांशी बोलता यायला हवं. त्याला ४ मिळाले आणि सुट्टीत जिथे कामाला होता तिथल्या ग्वातेमालाच्या सहकाऱ्यांशी तो दिवसभर स्पॅनिशच बोलायचा. मला तरी संस्कृती म्हणून तेवढी पुरे.

आणि भाषेच्या अभ्यासाला तुम्ही कमी लेखताय असं वाटलं. त्या अभ्यासानेच माझ्या मुलाला मराठी पुन्हा दिसली. 'मे गुस्ता'पाशी वर्गातली बाकी मुलं अडकली, कारण इंग्रजीत ज्याला आवडतं तो माणूस कर्ता असतो. आमच्या पठ्ठ्याने 'मला आवडतं' असं मनात म्हटलं आणि पुढे गेला. पेला हातून पडला तर स्पॅनिश माणूस 'से मे कायो' म्हणतो. मी पाडला असं नाही, माझ्या हातून पडला! आणि ज्या सब्जंक्टिव्हला, म्हणजे इच्छा-शंका दाखवणाऱ्या क्रियारूपाला, सगळे घाबरतात, 'किएरो के वेंगास', ते म्हणजे 'तू यावंस अशी माझी इच्छा आहे.' ते 'यावंस' आपल्याकडे आहेच की. घरात मराठीत उत्तर द्यायला टाळणारा मुलगा त्या वर्षी मला विचारायला लागला, बाबा, हे मराठीत कसं म्हणतात. हे सोर हुआनाने नाही, व्याकरणाने केलं.

अर्धविराम

तुमचा 'यावंस' मी उद्या वर्गात वापरणार आहे, मराठी न येणाऱ्या मुलांसमोरसुद्धा. व्याकरणाला कमी लेखत नाही. पण तुमच्या मुलाला जे मिळालं ते त्या सहकाऱ्यांसोबत दिवसभर राहून मिळालं, परीक्षेतल्या दोन मिनिटांतून नाही. माझा आक्षेप त्या दोन मिनिटांवर आहे.

रात्रपाळी

मी हॉस्पिटलमध्ये स्पॅनिश-इंग्रजी दुभाषी म्हणून काम करते. तुम्हा दोघांशीही माझं पटत नाही.

आमच्या प्रशिक्षणात एक प्रकरण नेहमी सांगतात. १९८० साली फ्लोरिडात एका क्यूबन कुटुंबातल्या १८ वर्षांच्या मुलाला बेशुद्धावस्थेत आणलं. घरचे म्हणाले, 'इंतोक्सिकादो'. क्यूबन स्पॅनिशमध्ये याचा अर्थ खाण्यापिण्यातून काहीतरी बाधलं. तो इंग्रजीत 'इंटॉक्सिकेटेड' झाला. प्रशिक्षित दुभाषी कोणी नव्हतं. डॉक्टरांनी अमली पदार्थाचा अतिरेक धरून उपचार केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. मुलाचे दोन्ही हात, दोन्ही पाय कायमचे लुळे पडले.

गणितवेडा, शब्द दोन्ही बाजूंना 'माहीत' होता. व्याकरणात चूक नव्हती. चुकलं ते एवढंच की हा शब्द कुठल्या घरातून, कुठल्या बेटावरून आला हे कोणी विचारलं नाही. तेव्हा बोलता आलं की झालं, असं म्हणू नका.

पण अर्धविराम ताई, तो शब्द तुमच्या ३८ कलाकृतींतून कळला असता असंही नाही. आणि माझ्या कामात दोन मिनिटं हा फार मोठा वेळ आहे. समोर आजारी बाई, बाजूला घाबरलेला नवरा, डॉक्टर घड्याळाकडे बघतायत. विचार करायला मला चार मिनिटं मिळत नाहीत, चार सेकंद मिळतात. त्यामुळे घड्याळ लावून, जेमतेम तयारीत, अनोळखी विषयावर बोलायला लावणारा प्रश्न मला मोलाचा वाटतो. तो काढू नका, त्यातला विषय अरुंद करा. 'कुटुंब' नको. 'साठीच्या अनोळखी पोर्तो रिकन बाईंना वाईट बातमी सांगायची आहे, संबोधन काय वापराल आणि का', असं विचारा. बघा साचा चालतो का.

गणितवेडा

हे प्रकरण माहीत नव्हतं. वाचून सुन्न झालो. 'तेवढी पुरे' हे माझं वाक्य मागे घेतो. साहित्याबद्दलचं मत मात्र तेच आहे.

उंबरठा

मी सहसा वाचून जाते, आज लिहिते. माझे यजमान मिचोआकानचे, मेक्सिकोतले. सासूबाई आमच्याकडेच असतात. मुलं घरात स्पॅनिश बोलतात, माझ्याशी मराठी, बाहेर इंग्रजी.

या सगळ्या चर्चेत 'विद्यार्थी' म्हणजे स्पॅनिश शून्यापासून शिकणारं मूल असंच सगळे धरून चाललेत. अमेरिकेत चार कोटींहून जास्त माणसं घरात स्पॅनिश बोलतात. या वर्गांत त्यांचीही मुलं बसतात. कॉलेज बोर्ड निकाल देतानाही घरात स्पॅनिश नसलेल्यांचा गट वेगळा काढून दाखवतं. म्हणजे फरक सगळ्यांना ठाऊक आहे.

माझी मुलगी एपीला बसली तेव्हा सगळे म्हणाले, तुला काय, सोपंच आहे. सोपं नव्हतं. तिच्या पहिल्या निबंधात 'आइगा'वर, म्हणजे 'असावं' अशा अर्थाच्या रूपावर, लाल रेघ, 'आया' लिही. आजीकडून आलेलं 'त्रुहे', म्हणजे 'मी आणलं', त्यावर लाल रेघ, 'त्राहे' लिही. 'त्रोका'खाली रेघ, हे इंग्रजी ट्रकवरून आलंय. शिक्षकांचं व्याकरण बरोबर होतं, मी भांडायला गेले नाही. पण त्या आठवड्यात मुलगी आजीला पहिल्यांदा म्हणाली, आबुएला, असं बोलत नाहीत. सासूबाईंनी काही उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून शाळेचं काही वाचून दाखवलं की त्या नुसतं 'मुय ब्येन', छान, म्हणतात. आधी मध्येच थांबवून त्यांच्या गावची गोष्ट सांगायच्या.

आणि तीच मुलगी परीक्षेत 'आजी-आजोबा सोबत राहतात' म्हणून दोन मिनिटं बोलून आली. चांगले गुण मिळाले.

अर्धविराम

उंबरठा, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला. उत्तर द्यायला वेळ घेतला, कारण अशा रेघा मीही मारल्या आहेत.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'त्रुहे' हे अडाणी स्पॅनिश नाही, जुनं स्पॅनिश आहे. 'दोन किहोते' लिहिणाऱ्या सर्व्हांतेसच्या काळात ते छापील पुस्तकांत होतं, तो स्वतःही लिहायचा. शहरांनी 'त्राहे' उचललं, खेड्यापाड्यांनी जुनं जपलं. 'आइगा'सुद्धा खूप जुनं आहे. ज्या जुन्या मजकुरांना गणितवेडा ओझं म्हणतायत, त्यांच्या भाषेशी सासूबाईंचं नातं माझ्यापेक्षा जवळचं आहे. शिवाय त्याच ३८ मध्ये तोमास रिवेरा आहे. १९७१ चं पुस्तक, टेक्सासहून शेतमजुरीसाठी राज्याराज्यांतून फिरणाऱ्या मेक्सिकन कुटुंबांचं, त्यांच्याच बोलीत. म्हणूनच मी म्हणते की साहित्य पुढे आणा. तुमच्या मुलीला तिची आजी अभ्यासक्रमात भेटली असती.

उंबरठा

ताई, हे कळल्याने बरं वाटलं, खरंच. सर्व्हांतेसचं मी सासूबाईंना सांगेन.

पण मला यात एक गोष्ट सलते. सासूबाईंचा शब्द बरोबर ठरवायला चारशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या लेखकाचा दाखला का लागावा? तो नसता तर रेघ योग्य होती का? 'त्रोका'ला सर्व्हांतेस नाही. तो शब्द यजमानांच्या वडिलांनी शेतावर रोज वापरला, त्यातच बसून ते कामाला गेले. तुमच्या पद्धतीत तो कुठे बसतो?

रात्रपाळी

उंबरठा यांना अनुमोदन. माझ्याकडे येणारे निम्मे शब्द 'त्रोका'च्या जातीचे असतात. त्यांवर रेघ मारणारा माणूस दुभाषी म्हणून एक दिवस टिकणार नाही. मात्र औपचारिक पत्रात 'आया'च लिहावं लागतं, हेही मुलांना यायला हवं. नोकरीचा अर्ज वाचणारा सर्व्हांतेस वाचत बसत नाही. दोन्ही शिकवा, आणि कुठे काय चालतं हे शिकवा.

अर्धविराम

'त्रोका' माझ्या पद्धतीत बसत नाही. बरोबर पकडलंत. मी मजकूर मजकूर म्हणत राहिले आणि जे कधी लिहिलंच गेलं नाही ते त्यात येत नाही.

साहित्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. तुलनेचा प्रश्न काढून टाका हे म्हणणं मात्र सोडते. रात्रपाळी म्हणतायत तसा तो अरुंद करून वर्षभर घेणार आहे: एक गाव, एक माणूस, एक प्रसंग. देशाचं नाव घेऊन सुरू होणारं वाक्य चालणार नाही. आणि निबंधात लाल रेघेऐवजी समासात दोन खुणा करेन, 'घरी' आणि 'अर्जात'. परीक्षक हे मानणार नाहीत, ते मुलांना आधीच सांगेन.

उंबरठा, सासूबाईंनी मध्येच थांबवून सांगितलेली त्यांच्या गावची एखादी गोष्ट तुमच्या मुलीला आठवते का? तिला आणि त्यांना दोघींना चालणार असेल, तर ती त्यांच्याच शब्दांत उतरवून मला हवी आहे. रिवेराच्या आधी वर्गात ती वाचेन.

उंबरठा

विहिरीची आठवते तिला. विचारते सासूबाईंना.